वच्छलामावशीचा आवाज काठमांडूले गेला

अबे, आइका तं खरं, चहा मंग मागवा! तौसिफ, तुले माहीत हाये, पण बाकीच्याइले सांगू दे. जळगाव जामोदले जिनिंगच्या मांगं आमची टिनाची खोली होती. चार पोट्टे, दोन धड लॅपटॉप अन् दोन आमच्यासारखेच. चंद्रशेखरदादानं नवी नवी कंपनी काढली होती. पयलं काम भेटलं फकीर मोहम्मद शेठच्या जिनिंगचं. कापसाच्या गाड्या दोन-दोन दिवस लायनीत उभ्या राह्यच्या, तं आमी असं सॉफ्टवेअर बनवलं का ज्याचा नंबर लागला त्याले आपोआप फोन जाईन.

पण आवाज कोनाचा टाकाव? तौसिफनं तीनदा रेकॉर्ड केला, तिन्ही बारी हासला.

"हासलो नोतो बे, ठसका लागला होता!"

गप. मंग खोली झाडाले येत होत्या ना वच्छलामावशी, त्या म्हने, "सरका बाजूले. चौघाइले मिळून एक फोन करता येत नाई." मशिनीचा आवाज येऊ नये म्हनून त्याइले मोबाइल देऊन गोधडीत बसवलं. आतून आवाज आला, "भाऊ, तुमचा नंबर लागला. गाडी आना. अन् जेवून या, इथं कायी भेटत नाई." जेवून या हे आमी लिहून देल्लंच नोतं! तसंच ठेवलं. तीन हंगाम तोच आवाज गेला. लोकं रेकॉर्डिंगले उत्तर देत, "हो बाई, निंगलोच!" काय दिवस होते राजेहो.

मंग पांगलो. या तौसिफनं मोबाइलचं दुकान टाकलं, चौथा नोकरीले लागला, दादा पुण्याले गेला, मावशी पोरीकडे वडनेर भोलजीले. खोलीत मी एकटा. अन् यंदा दादाचा फोन, "संघर्ष, हे काम आता काठमांडूची टीम पाहीन. पोट्टे हुशार हायेत, हिंदी समजते, घड्याळ आपल्यापेक्षा पंधराच मिनिटं पुढं. तू त्याइले सारं समजावून दे अन् पुण्याले ये."

दिलं समजावून. बिमल नावाचा पोट्टा, लय साधा, रोज व्हिडिओवर. त्यानं आमचा सारा पसारा आवरला. आवरता आवरता मावशीची फाइल काढून टाकली अन् कॉम्प्युटरनं बनवलेला आवाज लावला, "नमस्कार. आपला क्रमांक आला आहे. कृपया आपले वाहन घेऊन यावे."

हंगामाचा पयला दिवस. फोन गेले चाळीस, गाड्या आल्या सहा!

नंबर लागूनबी गाडी न आनलेल्या जानरावकाकाकडे मी पयत गेलो. "काका, फोन नाई आला काय?"

"आलता ना. पुन्याची बाई होती, गोड गोड बोले. कर्ज देनारी असन म्हनून कापला."

ज्याले इचारलं त्यानं हेच सांगतलं. शेठ म्हने, "देख संघर्ष, उद्या भी असंच झालं ना, तं मी आपली जुनी वही काढतो. बंद करा तुमचा कारखाना." आपलं पयलं काम, ते असं मरनार? बिमलले फोन लावला. तो म्हने, "भैया, वो फाइल तो हटा दी. उसमें बहुत शोर था." अन् माह्या जुन्या लॅपटॉपातली फाइल तं म्याच पुसून टाकली होती!

गाडी काढली, थेट वडनेर भोलजी. मावशी अंगनात सोयाबीन पाखडून राह्यल्या होत्या. सारं आयकून म्हने, "आता नेपायातले पोट्टे मले काऊन आयकतीन?"

"आयकनारे आपलेच लोकं हायेत मावशी. ते फकत फोन लावतीन."

एका दमात बोलल्या. मधात कोंबडी वरडली, अन् शेवटी आपल्या मनानंच जोडलं, "थंडी हाये, डोक्याले बांधून या." तिथूनच पाठवलं. बिमलनं शेवटचं काय म्हनून इचारलं. सांगतलं. मंग म्हने, "मेरी आमा भी यही बोलती है. मुर्गी साफ कर दूँ?"

"राहू दे," म्या म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गाड्या सदतीस! शेठनं मले जिलेबी चारली.

आज दुपारी बिमलनं मोबाइलवर शेवटचा फॉर्म पाठवला, "काम सोपवलं, हो का नाई?" हो दाबलं का सॉफ्टवेअरमधलं माहं खातं बंद. दोन घंटे तसाच बसलो बे. मंग आठोलं का नेपायात शनिवारची सुट्टी असते, अन् जिनिंग तं शनिवारी चालूच राह्यते, म्हंजे माही गरज लागनारच. हो दाबलं अन् लगेच बिमलले फोन लावला. म्हटलं, "शनिवारचं टेन्शन घेऊ नको, फोन गेले का नाई ते मी पाहात जाईन."

तो हळूच म्हने, "भैया, अब आप अंदर नहीं आ सकते."