चपलांपाशी अन्न
मोटरवेवर केतकी कॅरॅव्हॅनचं चाकांवरचं घर मागे ओढत पन्नास मैलांच्या वेगाने गाडी चालवत होती. गाडीत मागच्या सीटवर नातीशेजारी बसलेल्या सासऱ्यांना, दामोदरपंतांना, ते सोसवेना.

“अगं, लॉऱ्यासुद्धा पुढे गेल्या! कार्डिफ येईपर्यंत हिचं लग्न ठरेल.”

“बाबा, मागे एवढं धूड आहे. पन्नासच कम्फर्टेबल आहे.”

“साठची परवानगी आहे ना? मग हाक की!”

केतकीने नाइलाजाने साठ गाठले. उतार लागताच कॅरॅव्हॅन शेपटीसारखी हेलकावू लागली, गाडीलाही ओढू लागली. नात किंचाळली. केतकीने ब्रेक न दाबता वेग हळूहळू उतरू दिला आणि रस्त्याकडेच्या थांब्यावर, सर्व्हिसेसला, गाडी थांबवली.

कॅरॅव्हॅनचं दार उघडून ती थबकली. तिने आत, चाकांच्या बरोबर वर, खाली फरशीवर ठेवलेली कणकेची आणि तांदळाची पोती पार मागच्या बाकावर होती.

“ही कुणी हलवली? वजन मागे गेलं की कॅरॅव्हॅन अशीच डोलते!”

जिथे चपला फिरतात तिथे अन्न नको, म्हणून दामोदरपंतांनीच सकाळी ती गुपचूप उचलली होती.

“मीच,” ते पुटपुटले. केतकीने फक्त लेकीचे डोळे पुसले. ते त्यांना जास्त लागलं.

त्यांनी बूट काढले, पोती उचलून पुन्हा खाली ठेवली आणि त्यांना हात जोडले. नंतर लॉऱ्या खुशाल पुढे जात राहिल्या. दामोदरपंतांनी कार्डिफपर्यंत मान वर केली नाही.