काठावर एक होडी राहू द्या

या मित्रांनो, जवळ सरका. वाऱ्याकडे पाठ करा आणि मांडीला मांडी लावून बसा. आज सांगणार आहे ती गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे, आणि अशी गोष्ट एकट्याने ऐकू नये.

मी एक जुनी होडी आहे. स्वीडनच्या उत्तरेला, डोंगरांच्या कुशीतल्या एका लांबट सरोवरावर माझे आयुष्य गेले. आन्ते नावाच्या सुताराने मला पाइनच्या फळ्यांतून घडवले, अंगाला डांबर चोपडले आणि पोटावर थाप मारून म्हटले, "जा बाई, आता लोकांना पार ने." तेवढेच माझे बारसे.

आम्ही तिघी बहिणी, तीन सारख्या होड्या. पाठीवर बिऱ्हाड घेऊन देशोदेशी भटकणारी तरुण मंडळी उन्हाळाभर या वाटेने येत. उत्तरेच्या काठावर त्यांच्या मुक्कामासाठी एक लाकडी घर होते आणि ते गुनवोरबाई सांभाळत. त्यांच्याकडे मोटरबोटही होती, पण तिला भाडे पडे. आम्ही फुकट. त्यामुळे ज्यांचा खिसा हलका, ते आमच्याकडे येत. कितीकांना वल्हे कसे धरायचे हेही ठाऊक नसे. गोल गोल फिरत, एकमेकांना हसत, हाताला फोड आणत ते पार होत आणि उतरताना मला थोपटत, "शाबास, म्हातारे!" ती शाबासकी मला हिवाळाभर पुरे.

आमचा एकच नियम होता. दोन्ही काठांवर फळीवर तो लिहिला होता: काठावर एक होडी राहू द्या. तुमच्या बाजूला एकटीच होडी असली, तर तिच्यातून पलीकडे जायचे, तिथली दुसरी होडी दोराने बांधून परत आणायची, ती ठेवायची आणि मग पुन्हा पलीकडे जायचे. एका वाटेला तीन फेऱ्या. दमलेल्या माणसाला हे फार जड जाते. पहारा नाही, दंड नाही, तरी लोक पाळत. मागून येणारा कोण, हे त्यांना ठाऊक नसे, तरी त्याच्यासाठी ते घाम गाळत. मला तर ही देवाची पूजाच वाटे.

गुनवोरबाई रविवारी मला घेऊन पाण्याच्या मध्यावर जात आणि भजन गात. नुसते गात नसत. एक ओळ गायची, थांबायचे, तिचा अर्थ जणू पाण्याला समजावून सांगायचा आणि पुन्हा गायचे. "देव बुडत्याला तारतो," असे गाऊन त्या म्हणत, "पण वल्ही आपल्याच हातात देतो, हे विसरायचं नाही." मी लाकूड, पण मला त्या गाण्याची गोडी लागली होती.

आता मूळ गोष्ट ऐका. सप्टेंबर सरत आला होता. डोंगरावरून बर्फाचा वास घेऊन वारा सुटला होता, पाण्यावर धुके उतरत होते, आणि दक्षिणेच्या काठावर मी एकटीच उभी होते. तेवढ्यात दोन जर्मन भावंडे आली, हेनरिके आणि तिचा धाकटा भाऊ माल्टे. उन्हाळाभर दोघे युरोप पालथा घालत होती. मिळेल त्या स्वस्त बसने जायचे, स्टेशनात झोपायचे, डब्यातला थंड राजमा खायचा.

"एकच होडी," हेनरिके म्हणाली. "म्हणजे तीन फेऱ्या, राजे."

"राजा एकदाच जातो, बाईसाहेब."

"आणि मास्तर?"

आस्गर मास्तर म्हणजे डेन्मार्कचे एक निवृत्त शिक्षक. आदल्या मुक्कामात त्यांनी या दोघांना आपल्या पातेल्यातले सूप वाढले होते. भिजून कुडकुडणाऱ्या हेनरिकेला स्वतःचा जाड लोकरी स्वेटर दिला होता, तो आताही तिच्या अंगावर होता. गुडघा दुखतो म्हणून ते मागून सावकाश येत होते.

"मास्तरांचं काय? ते खांबावर झेंडा चढवतील आणि मोटरबोट बोलावतील," माल्टे म्हणाला. "ते काही आपल्यासारखे स्टेशनात वर्तमानपत्र पांघरून झोपत नाहीत."

हेनरिके हसली आणि माझ्यात चढली. वाटभर माल्टे थट्टा करत होता. लिस्बनच्या बेकरीवाल्याने कालचे पाव फुकट दिले तेव्हा हेनरिकेने त्याच्या हाताचा कसा मुका घेतला, मग कुठल्याशा धर्मशाळेत तिचे बूट चोरीला गेले तेव्हा ती चपला घालून पावसात कशी चालली, सगळे त्याने सांगितले. पण मित्रांनो, माणूस तोंडाने काहीही बोलो, त्याचे गुडघे होडीला खरे सांगतात. माल्टेचे गुडघे माझ्या फळ्यांवर थडथडत होते. तो आळशी नव्हता, भ्यालेला होता. भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा आळशी म्हणवून घेणे त्याला सोपे वाटले.

आम्ही पोहोचलो. आम्ही तिघी बहिणी एकाच काठावर, आणि पलीकडे कोणी नाही.

गुनवोरबाई उतरून आल्या. ओल्या पायरीवरून घसरल्यामुळे त्यांचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता.

"तिन्ही इथंच?"

"मागे एकच जण आहेत," माल्टे म्हणाला. "ते मोटरबोटीनं येतील."

"कुठल्या मोटरबोटीनं, बाळ? हंगाम संपला. इंजिन कालच गावाला गेलं." त्यांनी धुक्याकडे पाहिले. "तंबू आहे का त्यांच्याजवळ?"

हेनरिकेने स्वेटरची बाही मुठीत धरली. "नाही. ते मुक्कामाच्या घरांतच झोपतात."

"मदत मागवते मी. पण या धुक्यात ती उद्याच येणार, आणि रात्री हाडं गोठवणारी थंडी पडेल. माझा हात हा असा. वल्ही तुम्हालाच मारावी लागतील."

माल्टे म्हणाला, "मला पोहता येत नाही."

"हे आधी का नाही बोललास?" हेनरिके म्हणाली.

"तू हसली असतीस."

"हसलेच असते. आणि मग वल्हं माझ्या हातात घेतलं असतं."

गुनवोरबाईंनी दोघांच्या अंगात तरंगायची जाकिटे चढवली. "भीती वाटू दे," त्या माल्टेला म्हणाल्या. "भ्यालेला माणूस वल्हं घट्ट धरतो. मी इथं पातेलं ठोकत गाते. वल्हवताना तुझं तोंड माझ्याकडेच असणार. आवाज समोर राहिला, म्हणजे तू सरळ चाललास."

माझ्या बहिणीला दोराने मागे बांधले आणि आम्ही निघालो. चार वल्ही मारली नाहीत तोच काठ दिसेनासा झाला. मागे पातेल्याचा ठोका आणि गुनवोरबाईंचे भजन, बाकी सगळीकडे पांढरा अंधार. लाटा आडव्या येऊ लागल्या. दोर हिसके देई आणि माझे सांधे करकरत. एक जुनी फट उकलली आणि पाणी आत आले. हेनरिके डब्याने उपसत होती, तरी ते वाढतच होते. आणि मध्यावर वाऱ्याने गाणे गिळून टाकले.

मित्रांनो, मी लाकडाची आहे, मी बुडत नाही. पण माझ्यातली माणसे बुडतात. त्या क्षणी मला आन्तेची थाप आठवली.

माल्टेने वल्ही थांबवली नाहीत. डोळे मिटून तो कान देत होता. मग फार लांबून एक ओळ आली, डाव्या बाजूने. त्याने माझे तोंड वळवले, ओळ समोर घेतली आणि पुन्हा वल्ही मारली.

काठावर खांबावर झेंडा चढवलेला होता, भिजून लोंबत होता. माणूस मात्र दिसेना. हेनरिके हाका मारत सुटली. मी मात्र टोक वाळूला लागताच ओळखले. वर्षानुवर्षे मला ओढून तिथे एक खळगी पडली आहे, माझ्याच पोटाच्या आकाराची. वाऱ्यापासून तेवढाच आडोसा. तिथे आस्गर मास्तर पाय पोटाशी घेऊन बसले होते. ओठ निळे पडले होते. पिशवीची गाठही त्यांच्या बोटांना सुटत नव्हती.

"मला वाटलं, होडी असेल," ते अडखळत म्हणाले. "नेहमी असते."

"होडी मी नेली, मास्तर," माल्टे म्हणाला.

हेनरिके स्वेटर काढून त्यांच्या गळ्यात घालत होती.

"दोन आणल्यास ना? मग एक इथं ठेव," मास्तर म्हणाले. "माझ्यामागे कोणी नाही असं मला वाटतं. पण तुलाही तसंच वाटलं होतं."

माल्टेने माझ्या बहिणीला खळगीत ओढून ठेवले आणि दोर नीट बांधला. परतताना भजन त्याच्या पाठीशी होते. त्याचे गुडघे अजून थडथडत होते, पण वल्ही चुकत नव्हती.

मास्तर वाचले. पुढच्या उन्हाळ्यात ते आले आणि त्यांनी मला थोपटले, तेव्हा कळले, त्यांच्या दोन बोटांना आता स्पर्श कळत नाही.

आज माझ्या जागी पत्र्याची नवी होडी आहे. मी लाकडांच्या खोपटामागे पालथी पडले आहे, पाठीवर गवत उगवले आहे. त्याचे दुःख नाही. पण सप्टेंबरात धुके उतरले की एकच विचार मनात येतो. शेवटच्या माणसाने मागे वळून पाहिले असेल ना?

मित्रांनो, कुठल्याही पाण्यापाशी दमून याल आणि आपल्या काठावर एकच होडी दिसेल, तेव्हा माझी आठवण नाही काढलीत तरी चालेल. माझ्या खळगीत पाय पोटाशी घेऊन बसलेल्या आस्गर मास्तरांची तेवढी आठवण ठेवा.