पाय टेकतात ती गाडी

मी एक मोटारसायकल. शंभर सीसीची, काळ्या रंगाची, टाकीवर एक लाल पट्टा आणि त्या पट्ट्यावर एक ओरखडा. पुण्यात माझ्यासारख्या इतक्या आहेत की पार्किंगमध्ये माणसं दुसऱ्याच्याच गाडीला किल्ली लावून झगडत बसतात आणि मग इकडेतिकडे बघत हळूच बाजूला होतात. असल्या गाडीला कसली आलीय जीवनकहाणी, असं तुम्ही म्हणाल. पण त्या दिवशी पुलावर जे झालं ते माझ्याशिवाय कुणालाच पूर्ण ठाऊक नाही, म्हणून बोलावं लागतंय.

माझे पहिले मालक माधवराव. बुधवार पेठेत त्यांचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. मला शोरूममधून आणलं तेव्हा सीटवर प्लॅस्टिक होतं. ते त्यांनी काढलं नाही. ते आपणहून फाटून गळून पडलं तेव्हा कुठे मला वाऱ्याचा स्पर्श झाला. माझ्यावरून त्यांनी माणसं कमी आणि स्पीकर जास्त वाहिले. गणपतीच्या दिवसांत तर मागच्या सीटवर एवढी खोकी बांधलेली असायची की सिग्नलला शेजारचे लोक मालकांना विचारायचे, "घर बदलताय का?"

पुढे माधवरावांनी विजेवरची स्कूटर घेतली. "आवाजच नाही हो हिला," ते प्रत्येक गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगायचे. जन्मभर आवाजाचा धंदा केलेला माणूस. एका सकाळी त्यांनी माझी टाकी फडक्यानं पुसली, फडकं खिशात घातलं आणि मला विकून टाकलं.

मी आले विश्रांतवाडीत, आळंदी रोडला, दिगंबरशेठच्या जुन्या गाड्यांच्या आवारात. तिथे मला धुतलं, टायरना काळं पॉलिश फासलं आणि माझा भूतकाळ बदलून टाकला. "ही एका डॉक्टरांची होती," दिगंबरशेठ सांगू लागले. "घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. बास." शेजारच्या लाल स्पोर्ट्स बाइकबद्दलही ते हेच सांगायचे, पलीकडच्या थोराड गाडीबद्दलही हेच. एका आवारात एवढ्या डॉक्टरांच्या गाड्या विकायला आलेल्या पाहून एखाद्याला शहराच्या तब्येतीची काळजी वाटायला हवी होती. पण कुणी विचारत नव्हतं. लोक यायचे, टायरला लाथ मारायचे, बंद गाडीचा ॲक्सिलरेटर पिळायचे, "ॲव्हरेज किती देते?" म्हणायचे आणि लाल गाडीवर बसून फोटो काढून निघून जायचे.

एका रविवारी तात्याराव सहकुटुंब आले.

तात्याराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीभर सायकल आणि बस यांवर भागवलेलं. स्वतः गाडी कधी चालवली नाही, पण मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मोटारसायकल या विषयातला एकही कोपरा सोडलेला नव्हता. सोबत पत्नी राधाबाई, बँकेत नोकरीला असलेला मुलगा चेतन आणि मुलगी दीक्षा. गाडी हवी होती दीक्षाला. हिंजवडीत तिची नोकरी, आणि विश्रांतवाडीहून जाणारी कंपनीची बस बंद होणार होती. घरच्यांचं म्हणणं, स्कूटर घे. तिचं म्हणणं, स्कूटरच्या एवढ्याशा चाकाला त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा विहिरीएवढा वाटतो, शिवाय पेट्रोलही जास्त पिते ती. साठवलेल्या पैशांत नवी गाडी बसत नव्हती आणि कर्ज काढायचं नाही हे घरात एकमतानं ठरलं होतं, म्हणून जुनी.

चेतन थेट लाल गाडीकडे गेला. "दीक्षा, हिचा पिकअप बघ."

दीक्षा तिच्यावर बसली, हँडलपर्यंत ओणवी झाली आणि म्हणाली, "दादा, हिच्यावर बसायचं असतं की झोपायचं?"

राधाबाई एकेका गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन वाकून बघत होत्या. "हिला साडीगार्ड कुठाय?"

"आई, चालवणार मी आहे."

"पण बसणार मी आहे."

तात्याराव मोबाइलची बॅटरी लावून माझ्या इंजिनाखाली उकिडवे बसले होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "आधीचे मालक डॉक्टर असल्याबाबत काही पुरावा?"

"साहेब, आपला धंदा विश्वासावर चालतो," दिगंबरशेठ म्हणाले.

"ठीक आहे. गाडी कशावर चालते ते बघू."

तेवढ्यात दीक्षा माझ्यावर बसली. तिनं आरसा धरला नाही, ॲक्सिलरेटर पिळला नाही. दोन्ही पाय खाली सोडले, टाचांसकट जमिनीला लावले आणि जरा डावी-उजवीकडे झुलून पाहिलं. मला इतक्या वर्षांत एवढं साधं कुणी तपासलं नव्हतं.

"हिच्यावर पाय टेकतात," ती म्हणाली. "हीच घेऊ."

दिगंबरशेठना ही माझी खुबी आजवर सुचलीच नव्हती. पण ते लगेच सावरले. "टेकणारच की. डॉक्टरांचेसुद्धा टेकायचे."

निघताना त्यांनी रिवाजाप्रमाणे माझ्या चाकाखाली लिंबू ठेवलं. तात्यारावांनी ते उचललं, पुसलं आणि राधाबाईंच्या पिशवीत टाकलं. "सरबताला होईल," म्हणाले. मग चेतननं मला आधी बुद्धविहारापर्यंत नेलं, तिथे राधाबाईंनी टाकीवर एक फूल ठेवलं आणि मी त्या घरची झाले. साडीगार्ड दुसऱ्या दिवशी बसलं.

शिकवणी सुरू झाली घराजवळच्या मैदानावर, सकाळी. आधी शिकवायला चेतन होता. त्याची पद्धत अशी: "सोड. सोड. अगं क्लच सोड. सोडलास कशाला?" दोन-चार दिवसांत बहीण-भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले आणि तात्यारावांनी सूत्रं हातात घेतली. चेतन लायसन्सवाला म्हणून कडेला उभा राहायचा, मोबाइल बघत.

"क्लच म्हणजे इंजिन आणि चाक यांच्यातला समन्वय," तात्याराव सांगायचे. "तो हळूहळू प्रस्थापित करायचा असतो."

"पप्पा, म्हणजे हात किती सोडू?"

"आवश्यकतेनुसार."

मग मी एक गचका द्यायचे आणि बंद पडायचे. तरी दीक्षा हळूहळू शिकत होती. मी चालू लागले की तात्याराव सायकल शिकवतात तसे मागून धावायचे. त्यांच्या डाव्या गुडघ्यात दुखणं होतं, त्यामुळे ते धावणं पाहून मैदानात फिरायला येणारी मंडळी थांबायची. एक आजोबा एकदा म्हणाले, "नक्की कोण कोणाला शिकवतंय?" आणि नेमकं मैदानाच्या टोकाला वळताना दीक्षा मला घेऊन आडवी व्हायची. रोज तिथेच. इंडिकेटर फुटले, क्लचची दांडी वाकली. माझी तक्रार नव्हती. स्पीकरपेक्षा हे बरं होतं.

लायसन्सच्या परीक्षेत ती पास झाली. परीक्षा सपाट जागेवर होती, आठचा आकडा काढायचा होता, आणि तात्यारावांना मागे धावायला तिथे परवानगी नव्हती. घरी पेढे आले. तात्यारावांनी ते शेजारच्या इमारतीतसुद्धा वाटले.

पण हिंजवडीच्या वाटेवर एक पूल आहे आणि पुलाला चढ आहे. पहिल्याच दिवशी ऐन चढावर गर्दी तुंबली. दीक्षानं मला थांबवलं. पुढचे सरकले, तिनं क्लच सोडला, मी बंद पडले आणि तिला घेऊन हळूहळू मागे घरंगळत मागच्या मोटारीच्या बंपरला जाऊन टेकले. मोटारीतून पांढऱ्या केसांचे, इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ उतरले. त्यांनी बंपर पाहिला. काही झालं नव्हतं. मग अत्यंत शांतपणे ते दीक्षाला म्हणाले, "आपल्याला पुढे जायचं होतं, असा माझा समज होता."

आरडाओरडा केला असता तर ती भांडली असती. या एका वाक्यानं तिचे कान लाल झाले. तिनं मला कशीबशी कडेनं ढकलत खाली आणलं आणि घरी आली.

त्यानंतर मी आवरणाखाली उभी. दीक्षा रोज दोन बस बदलून आणि पुढे रिक्षानं जायची, अंधार पडल्यावर उतरलेल्या चेहऱ्यानं यायची. आवरणाखाली दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. राधाबाई म्हणायच्या, "अहो, विकून टाका. दिगंबरशेठ परत घेतील." चेतन म्हणायचा, "घेतील की. पुढच्या गिऱ्हाइकाला सांगतील, डॉक्टरीण बाईंची होती." दीक्षा काहीच म्हणायची नाही. तेच मला बरं वाटत नव्हतं.

एका शनिवारी तात्याराव हेल्मेट घालून खाली उतरले आणि आवरण काढलं. "दीक्षा, चल. त्या पुलावर जाऊ. मी डबलसीट येतो."

"पप्पा, तुम्हाला चालवता येत नाही," चेतन वरून म्हणाला.

"मागे बसायला वेगळं लायसन्स लागतं का?"

आम्ही निघालो. तात्याराव दोन्ही बाजूंना पाय टाकून, पोरीच्या खांद्यांवर हात ठेवून, ऑफिसच्या खुर्चीत बसावं तसे ताठ बसले होते. पूल आला. शनिवार असला तरी गर्दी होतीच. चढाच्या मध्यावर सगळे थांबले, दीक्षाही थांबली. तिनं क्लच आणि ब्रेक दोन्ही घट्ट आवळून धरले.

पुढची रांग हलली. मी किंचित मागे सरकले. तेवढ्यात तात्यारावांनी दोन्ही पाय रस्त्यावर रोवले, चपला करकरल्या, आणि ते माझा मागचा ब्रेक झाले. "मी धरलंय," ते म्हणाले. "तू निवांत सोड. आवश्यकतेनुसार."

दीक्षानं क्लच सोडला. हळू, अगदी हळू. मी ओढ घेतली. तात्याराव पाय रोवून अर्धवट उभेच होते, त्यामुळे मागचं वजन नाहीसं झालं आणि मी त्यांच्या खालून सरळ निघून गेले.

मला तात्काळ कळलं. मागची स्प्रिंग वर आली. आरशात ते दिसतही होते, पुलाच्या मधोमध, पाय फाकलेले, हात खांदे धरल्यासारखे हवेत. पण दीक्षा आरशात बघत नव्हती, खांद्यांवरचे हात सुटल्याचंही तिला कळलं नव्हतं. ती समोर बघत होती, बहुधा पहिल्यांदाच. आणि बोलत होती.

"पप्पा, जमलं. बघितलंत ना, जमलं." मग दुसरा गिअर. "खरं सांगू का? मैदानावर मी पडायचे ना, ते क्लचमुळे नाही. तुम्ही मागून धावायचात, गुडघा धरून, ते आरशात दिसायचं. मी समोर बघायचं सोडून तुमच्याकडे बघायचे. धावू नका म्हणणार होते. पण तुम्ही इतके खुशीत असायचात." पूल संपत आला, उतार लागला. "आणि मी नोकरी सोडणार होते. सोमवारी. घरी सांगणार होते, काम आवडत नाही म्हणून. पण काम आवडतं हो मला. फक्त त्या चढाची भीती वाटायची, आणि एवढ्याशा कारणासाठी नोकरी सोडली असं तुम्हाला कसं सांगणार. आत्ता तुम्ही मागे आहात म्हणून जमतंय. एकटी असते तर नसतं जमलं."

मागून काही उत्तर नाही.

"पप्पा, रागावलात का?"

पुलाखाली रसाचं गुऱ्हाळ होतं. तिथे तिनं मला उभं केलं, पाय टेकले आणि वळली. मागची सीट रिकामी. तिचा चेहरा असा पांढरा झाला की गुऱ्हाळवाल्यानं चरक थांबवला.

ती धावत सुटणार तोच तात्याराव पुलाच्या कडेनं येताना दिसले. डोक्यावर हेल्मेट तसंच, चाल लंगडी, चेहऱ्यावर पेढे वाटताना होतं तसं हसू.

"पप्पा, लागलं का कुठे? पडलात?"

"पडायला मी गाडीवर होतो कुठे? तू पुढे गेलीस, मी मागाहून आलो."

"म्हणजे चढ, उतार, सगळं मी एकटीनं?"

"तेच तर म्हणतोय."

ती जरा अडखळत म्हणाली, "मी तुमच्याशी बोलत होते सगळा वेळ."

"काय बोलत होतीस?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "काही नाही. ट्रॅफिकचं."

दोघांनी रस घेतला. तात्यारावांनी आलं-लिंबू घालून, दीक्षानं नुसता. परत येताना ते पुन्हा मागे बसले, पण या वेळी पाय वर ठेवले.

आता मी रोज हिंजवडीला जाते. माझ्या शेजारी भारी भारी गाड्या उभ्या असतात, तरी सुरक्षारक्षक मला ओळखतो, कारण साडीगार्ड असलेली मी एकटीच आहे. दीक्षानं हल्ली कंपनीतल्या एका मैत्रिणीलाही शिकवायला घेतलंय. इंडिकेटर फुटण्याची मी तयारी ठेवली आहे.

तात्याराव मात्र ती पुलाची गोष्ट येईल त्याला सांगतात. विहाराच्या पायरीवर बसून, हात हवेत धरून दाखवतात. मागचा मोटारवाला काच खाली करून "काका, गाडी विसरलात का?" असं म्हणाला, तेही सांगतात. "ती पुढे गेली आणि मी उभाच," इथे सगळे हसतात, तेही हसतात आणि गोष्ट संपते. पण ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी दीक्षा सांगेलसं दिसत नाही. बापलेकींच्यात काही गोष्टी राहूनच जातात.

म्हणून एक विनंती. कधी विश्रांतवाडीकडे गेलात आणि ते भेटले, तर त्यांची गोष्ट संपू द्या, मनसोक्त हसा, आणि मग पुढचं तुम्ही सांगा. उतारावर काय काय बोलली ते सगळं. मी प्रयत्न करून पाहिला. पण मी बोलायला लागले की ते दीक्षाला हाक मारून म्हणतात, सायलेन्सर एकदा दाखवून आण.