काळी दोनची सुमनबाई

ऑर्गन बंद पडला की मला लई बरं वाटायचं. हे आजपातूर कुणाला बोलले न्हाई, आता बोलते.

आमच्या मालकांचा, माझ्या घरधन्यांचा, व्यंकट मास्तरांचा, तो करंटवरचा ऑर्गन म्हणजे लोखंडी पायाचं धूड. सोलापूरच्या एका बँडवाल्याकडून जुनाच आणलेला. उचलायला चार माणसं, न्यायला जीप, अन् गावात लाईट नसली की नुसता खोका. त्याच्या डाव्या अंगाच्या, खालच्या सुरांच्या निम्म्या पट्ट्या मुक्या झाल्या व्हत्या. चुकून बोट पडू नये म्हणून मालक मुक्या पट्टीवर लाल चिकटपट्टी लावायचे. राहिलेल्यांवर एकच सूर नीट बसायचा, दुसऱ्या काळ्या पट्टीचा, काळी दोन. बाईमाणसाला ती लई उंच. नरड्याच्या शिरा दोरीवानी वर येतात. चौदा वर्षं मी तिथंच गायले. बाबासाहेबांचं गाणं असो का लग्नातलं, काळी दोन.

अन् खरं सांगायचं तर त्याचा मला माज व्हता. चिटगुप्प्याला जयंतीत दुसऱ्या गायनपार्टीची बाई खालच्या सुरात गायली, तर मी माईक बाजूला सारून सगळ्यांदेखत म्हणलं, "ही काळी दोनची सुमनबाई हाय. मला माईक लागत न्हाई." लोकांनी टोप्या उडवल्या. पुढच्या सालापासून जाहिरातीच्या कागदावर माझ्या नावाआधी तेच छापायले. माझं दावं मीच वळलं अन् मीच गळ्यात घालून घेतलं.

सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत आवाज फाटायला लागला. बसवकल्याणच्या डॉक्टरनं नरड्यात आरसा घालून बघितलं अन् गाठ आलीय म्हणाला. खाली गायलीस तर म्हातारपणापातूर गाशील, असंच ताणलंस तर एक दिवस आवाज जाईल तो जाईल. घरी येऊन मालकांना सांगितलं. त्यांनी ऑर्गनकडं बघितलं, म्हणाले, त्याला खालचे सूरच न्हाईत, मी काय करू. तेबी खरंच व्हतं. एप्रिलच्या जयंतीच्या सगळ्या सुपाऱ्या घेऊन ठेवलेल्या. अन् गाणं सोडून मी काय करावं? मला दुसरं काही येत न्हाई, यावं असं वाटलंबी न्हाई कधी.

मग मीच मागं लागले. कॅसिओ घ्या म्हणलं, तो नवा बारका बाजा. आमच्या ढोलकीवाल्या पिराजीनं तो हैदराबादेहून आणला. काखंत मावायचा. सहा सेल घातले की लाईटबिगर वाजायचा, त्याच्या पोटातच बारका स्पीकर. अन् दोन बटणं अशी, की बोटं जिथल्या तिथं ठेवायची, एक बटण दाबलं की सगळा बाजा एक घर खाली, दुसरं दाबलं की एक घर वर. घरात पाचदा खाली दाबून गायले तर माझा अठराव्या वर्षीचा आवाज निघाला. मला रडूच आलं. मालक म्हणाले, झालं, आता काळजी मिटली.

पहिला कार्यक्रम कोहिनूर गावाला, संध्याकाळी पाचचा. स्टेजवर चढून बघते तर त्या दोन्ही बटणांवर लाल चिकटपट्टी. हे काय म्हणून विचारलं. चुकून हात लागंल म्हणून लावली म्हणाले, ऑर्गनची सवय. काढा म्हणलं तर हळूच म्हणाले की कागदावर काळी दोन छापलंय, आजचा दिवस काढ. जयंतीचा पुढारी भीमराज समोर उभा, तिथं काय भांडणार? गायले. पहिल्याच गाण्यात तोंडात रगताची चव आली.

दुसऱ्या गाण्याला लाईट गेली. आधी लाईट गेली की ऑर्गन गप व्हायचा अन् मी मंडपामागं चहा घेऊन बसायची. तेवढाच नरड्याला आराम. सवयीनं उठले. पण कॅसिओ वाजतच ऱ्हायला. माईक मेला अन् बाजा जिता. भीमराज हात जोडून म्हणाला, अक्का, तुम्हाला माईक कशाला? सात-आठशे माणसांनी टाळ्या पिटल्या. कोंडवाड्यातल्या जनावरासारखी मी उभी ऱ्हायले. माझंच बोलणं, कुणाला नावं ठेवू?

मालकांजवळ वाकून म्हणलं, "खाली घ्या. पाया पडते तुमच्या."

"आज न्हाई, सुमन. लोकं बघायलेत."

मग मीच नखानं चिकटपट्टी ओरबाडली अन् पाचदा बटण दाबलं. मालकांची बोटं तिथंच चालत ऱ्हायली, सूर तेवढा खाली आला. मी गायले. आवाज लांब जाईना, म्हणून लोकं उठून जवळ यायला लागली. मागची माणसं पुढं येऊन मातीत बसली. सिद्धव्वा म्हणून एक कानडी म्हातारी स्टेजला हात टेकून "हाडरी अक्का, हाडरी" म्हणायली, गा बाई गा म्हणून. चौदा वर्षांत इतकं गप बसून मला कुणी ऐकलं नव्हतं. मनात म्हणलं, सुटले.

तेवढ्यात लाईट आली. पोरांनी आरोळ्या ठोकल्या, माईक किंचाळला, माणसं उठून आपापल्या जागी मागं गेली. मालकांनी पाचदा वरचं बटण दाबलं अन् माझ्याकडं बघितलं. न्हाई म्हणता आलं असतं. पण समोरच्या खांबाला तो कागद चिकटवलेला व्हता, अन् सगळा मंडप काळी दोनची वाट बघायलाता. मी तोंड उघडलं. तिसऱ्या ओळीला आवाज गेला, डॉक्टर म्हणला तसाच.

तीन सालं झाली. आता बोलते ती ही अशी कुजबुजत, तुम्ही जवळ येऊन बसलाव म्हणून ऐकू यायलंय. घरची लाईट गेली की मालक कॅसिओ काढतात. मी न सांगता पाचदा खाली दाबतात, अन् लाईट येईपातूर माझ्या तोंडाकडं बघत बसतात.

मी लाईट यायची वाट बघते.