कोऱ्या कापडाचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. भिवंडीत, धामणकर नाक्याजवळच्या एका लूमवर मी विणला गेलो. माझ्याबरोबरचे तागे रंगायला गेले आणि फुलाफुलांचे होऊन दुकानांत मिरवले. मी मात्र राहिलो कोरा, पांढरा आणि चांगला जाडजूड.

दोन हजार सहा साली नर्स करिष्माताईंनी मला विकत घेतलं. एका संस्थेच्या गाडीतून त्या आदिवासी वाड्यांवर जायच्या आणि बायकांची कॅन्सरची तपासणी करायच्या. मला उजेडासमोर धरून त्या म्हणाल्या, "वा! सावलीसुद्धा दिसणार नाही." मी केवढा फुगलो म्हणून सांगू!

शेलार गावाच्या पलीकडे एका कातकरी वाडीवर आमचं पहिलं शिबिर भरलं. शाळेच्या खोलीत मला दोरीवर टांगलं. वाडीतली कमळा तिच्या सासूबरोबर, रंगूबाईबरोबर, आली. कमळाच्या अंगावरून सारखं रक्त जात होतं आणि ती पार पिवळी पडली होती. दारातून तिने मला पाहिलं आणि ती मागे फिरली. तिच्या पाठोपाठ बाकीच्या बायकाही फिरल्या.

"लाजतात बिचाऱ्या," ताई म्हणाल्या. म्हणून पुढच्या खेपेला त्यांनी आणखी कोरं कापड आणलं आणि खोलीच्या चारही बाजू झाकून टाकल्या. त्या दिवशी तर कोणी पायरीही चढलं नाही. वेळेत सापडला तर हा आजार बरा होतो, असं ताई घसा फोडून सांगत होत्या. मला त्या बायकांचा फार राग आला.

दिवाळी झाली आणि सगळी वाडी वीटभट्टीवर कामाला गेली. ताई विचारत विचारत टेमघरजवळच्या भट्टीवर पोहोचल्या. त्यांनी मला एका झोपडीच्या दारावर बांधलं. कमळाला आता उभंही राहवत नव्हतं, तरी ती आत जाईना. ताई मग रंगूबाईशेजारी मातीतच बसल्या.

"आजी, माझं काय चुकतंय?"

रंगूबाईने माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यो कोरा कपरा हाय, ताई. आमी ह्यो मेलेल्या मानसावं टाकताव. जित्या बाईनं ह्याच्या मागं कसा जायाचा?"

मला तर कुठे तोंड लपवू असं झालं.

रंगूबाई उठली. आपलं जुनं हिरवं लुगडं आणून तिने माझ्यावर टाकलं आणि सुनेचा हात धरला. "चल बाय, आता जा."

कमळा आत गेली. पण आतली गाठ फार वाढली होती. ताईंनी तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. पहिल्या शिबिरातच तपासलं असतं तर वाचली असती, असं ते म्हणाले. होळीच्या आधी कमळा वाडीवर परत आली, ती कोऱ्या कापडात.

मित्रांनो, आता मी जागोजागी विरलो आहे. माझं एकच मागणं आहे. कोणाच्या मदतीला जाल तेव्हा त्यांच्या भीतीला अडाणीपणा म्हणू नका. आधी शेजारी बसून विचारा आणि ते पहिल्याच दिवशी विचारा.

ते हिरवं लुगडं ताईंनी माझ्यावर शिवून टाकलं आहे. शिबिर असलं की रंगूबाई दारात येऊन बसते. एखादी बाई मागे फिरू लागली की तिचा हात धरते.

"भिऊ नको, बाय. आत माजा लुगरा हाय," ती म्हणते. "माज्या कमळाला उशीर झाला. तुला न्हाय झाला अजून."