सुबानच्या रक्तातला सुळका

विलाइवानला आपल्या यंत्राचं भारी कौतुक. रक्ताच्या थेंबावर लेझरचा उजेड सोडायचा, परत येणारा उजेड यंत्रानं रंगारंगांत फोडायचा, की पडद्यावर डोंगररांग उमटते. निरोगी रक्ताची रांग वेगळी, थॅलसेमियाची वेगळी. विद्यापीठात या खटाटोपाला नाकं मुरडणारे पुष्कळ होते. म्हणून तर ती यंत्र उचलून थेट आपल्या गावी, फोनसायच्या आरोग्य केंद्रात घेऊन आली होती.

समोर चन्तिरा आणि तिचा नवरा सुबान बसले होते. चन्तिराला तिसरा महिना होता. तिच्या रक्तात थॅलसेमियाचा दोष आहे, हे इस्पितळात आधीच कळलेलं. तिला स्वतःला त्याचा काही त्रास नव्हता. पण सुबानच्याही रक्तात तोच निघाला, तर बाळाला जन्माचा आजार होण्याची भीती होती. तिच्या बहिणीचा मुलगा असाच दुसऱ्यांच्या रक्तावर जगत होता, आणि ते हाल चन्तिरानं जवळून पाहिले होते.

सुबानच्या बोटाला सुई टोचली. थेंब यंत्रात गेला, रांग उमटली, आणि विलाइवान खुर्चीतून उठलीच. जिथं दोषाची खूण शोधायची, नेमक्या त्याच जागी एक उंच सुळका उभा होता, तिनं जन्मात न पाहिलेला. नवं हिमोग्लोबिन! अशाला बहुतेकदा सापडल्या जागेचं नाव देतात. हिमोग्लोबिन फोनसाय. जगभरच्या पुस्तकांत आपलं एवढंसं गाव!

“सुबान, तुझं रक्त जगावेगळं आहे रे,” ती म्हणाली.

“आई पण हेच म्हणते,” सुबान म्हणाला, “पण शिवी म्हणून.”

चन्तिरा हसली नाही. “विलाइताई, जगावेगळं म्हणजे चांगलं की वाईट?”

“ते अजून कुणालाच माहीत नाही गं.”

“मग तुम्हाला आनंद कसला झालाय?”

हे मात्र वर्मी लागलं. विलाइवान खाली बसली. नवं काही दिसलं की आधी यंत्रावर संशय घ्यायचा, हे ती विद्यार्थ्यांना घसा फोडून सांगायची आणि आज स्वतःच विसरली होती. तिनं आपल्या बोटाला सुई टोचली. स्वतःच्या रक्ताची रांग तिला तोंडपाठ होती.

रांग उमटली. मधोमध तोच सुळका.

तिनं पडद्याकडं पाहिलं, मग आपल्या बोटाकडं. बोट निळं होतं. काल आईच्या निळीच्या रांजणात सुताच्या लडी बुडवायला तिनंच हौसेनं हात घातला होता. सुबान तर रोजचाच रंगारी. स्पिरिटनं कितीही पुसलं तरी त्याच्या नखांच्या कडांतून नीळ निघणार थोडीच! बाहेरचा कुणी असता तर दारातच विचारता, या लोकांचे हात असे का? पण आई, मावश्या, शेजारपाजार, सगळ्यांचे हात निळेच बघत वाढलेल्या विलाइवानला ते दिसलेच नव्हते. रक्तात नीळ मिसळली होती आणि बाई जगाच्या पुस्तकात गाव घालायला निघाल्या होत्या.

तिला हसू फुटलं. शोध गेला खड्ड्यात. तिनं सुबानची बाही वर सारली आणि कोपराच्या लवणीतून, जिथं नीळ पोचत नाही तिथून, रक्त काढलं. चन्तिरानं नवऱ्याचा खांदा घट्ट धरला होता.

रांग उमटू लागली. सुळका नाही. आणि त्या जागी दोषाची खूणही नाही. तिनं दुसरा थेंब घालून पाहिला, तिसराही. तसंच.

“शहरातल्या लॅबला नमुना पाठवते, तिचा कागद येईलच,” विलाइवान म्हणाली, “पण मला काही दिसत नाही, चन्तिरा. साधं रक्त आहे. अगदी साधं.”

चन्तिरानं सुबानच्या पाठीत एक धपाटा घातला.

“बसलायस काय? जा, आईला सांग.”

“कागद येऊ दे की आधी,” सुबान म्हणाला.

“कागदाचं नाही रे. मला दिवस गेलेत, ते सांग. आता कशाला लपवायचं?”


सुबान अनवाणीच पळाला.