मला उठवणारा हुकूम

मित्रांनो, सुरतच्या गोडादऱ्यात, शिवणयंत्राच्या खणात राहणारी मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. साड्यांच्या भरतकामाची हजारो डिझाइनं मी पोटात सांभाळली.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते कुंदनच्या कॉम्प्युटरमधलं आयुष्य. तो डिझाइनं करायचा. त्याचे वडील छगनआप्पा खानदेशातून आलेले, तीस वर्षं मागावर उभे राहिलेले. श्रावणात घरी कानबाई देवी बसायची आणि आई शोभाबाई गाणी म्हणायच्या. एका दुपारी कुंदनने माईक लावला आणि ती सगळी गाणी माझ्यात उतरवली. पुढच्या उन्हाळ्यात शोभाबाई गेल्या.

खंडेनवमीला आप्पा हत्यारांची पूजा करत. त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही, असा त्यांचा नेम. त्यांनी मलाही हळदकुंकू वाहिलं, फुलाने पाणी शिंपडलं.

"हिलाही आज आराम दे," ते म्हणाले.

"आप्पा, ती काय माग आहे का?" कुंदन हसला.

"तुझी आई आहे तिच्यात."

कुंदनने कुठलीशी सेटिंग लावली. मला हुकूम मिळाला: वीज आली तरी उठवल्याशिवाय फिरायचं नाही. जुना कॉम्प्युटर रोज मला नीट उठवायचा, म्हणून कुंदन ते विसरूनही गेला.

चार दिवसांत त्या कॉम्प्युटरचं बोर्ड जळालं. कुंदनने मला एका लहान डबीत बसवून नव्या कॉम्प्युटरला जोडलं. इथे माझं नशीब फिरलं.

मित्रांनो, आम्हा डिस्कांना द्यायच्या हुकमांची पुस्तकं दोन आहेत. वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली. झोपणं, उठणं, वाचणं दोन्हींत आहे, पण कुठला हुकूम कसा द्यायचा हे जुळत नाही. डबी दुसऱ्या पुस्तकातला हुकूम घेऊन माझ्या पुस्तकात सांगायची. पण मला उठवायचा हुकूम तिला सांगता येईना. ती हाका मारायची, मी ऐकत राहायचे. माझ्या पुस्तकाप्रमाणे ती हाक माझी नव्हती.

"मेली वाटतं," कुंदन म्हणाला.

आप्पांचा चेहरा उतरला. "मीच पाणी शिंपडलं."

त्यानंतर कोणी हळदकुंकवाचा विषय काढला की आप्पा उठून बाहेर जात. मी खणात पडून राहिले. आत सगळी गाणी जशीच्या तशी होती. सांगणार कुणाला?

श्रावण आला. सून रंजना कानबाईची तयारी करत होती. "आप्पा, मला पहिली दोनच गाणी येतात," ती म्हणाली. "आईंसारखी पूर्ण कोण म्हणणार?"

आप्पांनी खण उघडला. त्यांनी मला रुमालात बांधलं आणि लिंबायतला लखनच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. लखनने मला डबीतून काढून एका जुन्या कॉम्प्युटरला सरळ वायरीने जोडलं. कितीतरी महिन्यांनी माझ्या पुस्तकातली हाक आली. मी फिरू लागले.

"काका, मेली कुठे? झोपली होती. डबीला हिला उठवता येत नव्हतं. झोपवली कुणी?"

"पाण्याने नाही ना झालं?"

"पाण्याचा काय संबंध?"

आप्पांनी रुमालाने डोळे पुसले. मग हळूच म्हणाले, "नवमीला आराम द्यायला मीच सांगितलं होतं."

"मग भरपूर झाला आराम," लखन म्हणाला.

त्याने गाणी लावली. दोन गाण्यांच्या मध्ये शोभाबाई थांबल्या आणि त्यांचा आवाज आला, "चहा थंडा हुई ऱ्हायना. प्या ना."

आप्पांचा हात नकळत शेजारी कप शोधायला गेला. तिथे लखनचे पेचकस होते.

मित्रांनो, कोणी उत्तर देत नाही म्हणून त्याला लगेच मेलेलं समजू नका. त्याला कळेल अशी हाक आपण मारली का, ते आधी पाहा. आणि माझं आता वय झालं आहे. फिरताना आवाज येतो. तेवढी शोभाबाईंची गाणी आणखी दोन ठिकाणी उतरवून ठेवा. चहाचं बोलणं मात्र कापू नका.